एकही ओरखडा न पडणारी खुर्ची

आमच्या ताईचं बूड कधी टेकत नाही. चहा ती ओट्याला रेलून पिते, जेवताना तीनदा उठते आणि फोन आला की घराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत राहते. लग्नाचा विषयसुद्धा तिने असाच उभ्याउभ्या निकालात काढला. पायाला भिंगरी लागलेली माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत, पण ती निदान कुठेतरी जातात तरी. ताई घरातल्या घरात फिरते. बाबा तिला ‘वादळ’ म्हणतात. आणि हे वादळ गेली बावीस वर्षं खुर्च्यांच्या कारखान्यात कामाला आहे.

कारखाना प्लॅस्टिकच्या खुर्च्यांचा. ताईचं काम मात्र खुर्च्या बनवण्याचं नाही, खराब करण्याचं. साच्यांचा हॉल आणि पॅकिंगची शेड यांच्यामध्ये एक लांबट खोली आहे, तिथे ती आणि तिच्या हाताखालच्या दोघी दिवसभर कोऱ्या खुर्च्यांना ओरबाडत असतात. आधी मऊ पेन्सिल, मग कडक, मग त्याहून कडक. मग वजन बांधलेली तारेची घासणी, ती एकाच जागी शंभर वेळा पुढे-मागे. मग किल्ल्यांचा जुडगा, नाणं, पट्ट्याचं बक्कल. शेवटी दिवा आडवा धरून खुर्ची न्याहाळायची आणि दिसेल ते तक्त्यात लिहायचं. सगळा कारखाना तिला ओरखडेबाई म्हणतो. तिला ते नाव मनापासून आवडतं.

तिच्या उजव्या अंगठ्याचं नख वाढवलेलं आहे, तेवढं एकच. कुठेही गेली की बोलता बोलता ते नख समोरच्या टेबलाच्या कडेवरून फिरतं. बँकेत, दवाखान्यात, कुणाच्या नव्या घरी. आत्याने हौसेने घेतलेल्या जेवणाच्या टेबलावर तिने पहिल्याच दिवशी नख ओढलं आणि वर आत्यालाच सांगितलं की हे वर्षभरात पांढरं पडेल. तेव्हापासून आत्या आमच्याकडे येते, आम्हाला बोलावत नाही. मी खाली झेरॉक्सचं दुकान चालवतो. माझ्या काउंटरवर ताईच्या नखाच्या किती रेघा आहेत ते मी मोजायचं सोडून दिलं आहे.

तीन वर्षांपूर्वी एका सभागृहाने कारखान्याच्या खुर्च्यांबद्दल तक्रार केली. गडद रंगाच्या खुर्च्या होत्या, आणि तिथली माणसं कार्यक्रम संपला की एकीवर एक चढवून ठेवायची, काढताना खसकन ओढायची. सहा महिन्यांत सगळ्या बैठकी पांढऱ्या रेघांनी भरून गेल्या. लाकडावरचा ओरखडा काळवंडतो, लपतो. प्लॅस्टिकवरचा ओरखडा पांढरा होऊन वर येतो. मालकांनी त्यातली एक खुर्ची ताईच्या टेबलावर ठेवली आणि एवढंच म्हणाले की ही तुमच्याच खोलीतून पास होऊन गेली होती.

ताईने ते मनाला लावून घेतलं. त्यानंतर आमच्या घरात दुसरा विषय राहिला नाही. आधी तिने कच्च्या मालात, प्लॅस्टिकच्या दाण्यात, पावडर वाढवून पाहिली. खुर्ची कडक झाली, पण ओरखडे आणखी पांढरे दिसायला लागले. मग वरून पारदर्शक थर दिला. तो दोन महिन्यांत उन्हाने सोललेल्या कातडीसारखा सुटला. मग साचाच खरबरीत करून घेतला, तर त्या बारीक खाचांत मळ बसू लागला. प्रत्येक वेळी ताई आठवडाभर धड जेवायची नाही आणि रात्री मधेच उठून स्वयंपाकघरातले डबे घासत बसायची. बसायची म्हणजे उभी राहायची. मी वैतागून म्हणायचो की खुर्चीच आहे ती, लोक बसणारच तिच्यावर, पडू देत ओरखडे. त्यावर ती माझ्याकडे अशी बघायची की जणू मी तिच्या पोटच्या पोराबद्दल बोललो.

चौथ्या खेपेला जमलं. दाण्यात मिसळायचा एक मेणासारखा पदार्थ तिला सापडला. खुर्ची साच्यातून निघते तेव्हा तो आत असतो, आणि मग तीन-चार दिवसांत हळूहळू पृष्ठभागावर येतो. त्यानंतर त्या खुर्चीवर काहीही ओढा, ते निसटतं. पेन्सिल निसटते, किल्ली निसटते, ताईचं नख निसटतं. ज्या दिवशी सगळ्यात कडक पेन्सिल निसटली, त्या दिवशी ताई चपला न काढताच घरात आली आणि बाबांच्या पुढ्यात उभी राहून सगळं सांगत सुटली. पंचेचाळिशीची बाई, पण चेहरा शाळेतून पहिली आलेल्या मुलीसारखा. महिनाभरात मोठ्या हॉस्पिटलची मागणी आली. बाहेर बसणाऱ्या पेशंटांसाठी दोनशे गडद निळ्या खुर्च्या.

त्यांच्या कारखान्यात एक पद्धत आहे. नवी खुर्ची बाजारात जाण्याआधी कुणा ना कुणा कामगाराच्या घरी वापरायला पाठवायची. याला ते ‘सासरी पाठवणं’ म्हणतात, कारण तिथे प्रत्येक खोट निघते. खुर्चीबरोबर एक तक्ता येतो. डाग पडले का, ओरखडे पडले का, रंग उतरला का, पाय वाकले का, असे अठरा प्रश्न. निळी खुर्ची सासरी पाठवायची वेळ आली तेव्हा ताईने ती आपल्याच घरी आणली. साच्यातून निघाल्याला एकच दिवस झाला होता.

आणताना तिने दुसरीही एक गोष्ट केली. बाबांची जुनी खुर्ची उचलून नेली. तपकिरी, हातांची, पंधरा वर्षं खिडकीशी ठाण मांडून असलेली. बैठक घासून घासून अगदी निस्तेज झालेली. बाबा म्हणाले की त्या खुर्चीने माझं काय वाकडं केलंय? ताई म्हणाली की ओरखडेबाईच्या घरात असली खुर्ची बघून लोक हसतील. वादळापुढे ते सहसा बोलत नाहीत.

बाबा बसचे ड्रायव्हर होते. सदतीस वर्षं बसून काम केलेला माणूस. आता गुडघे गेले आहेत, त्यामुळे ते खुर्चीत हळूच टेकू शकत नाहीत. खुर्चीकडे पाठ करतात, वाकतात, आणि शेवटचं वीतभर अंतर उरलं की अंग सोडून देतात. मी हे रोज बघायचो. ताई घरात असली तर तेव्हा ती भांडी तरी विसळत असायची नाहीतर कपडे घड्या करत असायची.

नवी खुर्ची आल्याला सहावा दिवस होता; आतलं मेण एव्हाना पुरतं वर आलं होतं. सकाळचे अकरा वाजले असतील. मी कात्री घ्यायला वर आलो, तर बाबा पेपर हातात घेऊन खुर्चीकडे पाठ करत होते. नेहमीसारखे वाकले, नेहमीसारखं अंग सोडलं. खुर्ची जागची हलली नाही. बाबा मात्र घसरगुंडीवरच्या पोरासारखे सरळ पुढे निघाले आणि जमिनीवर आदळले. पडता पडता त्यांनी डावा हात मागे टेकवला होता. तो मनगटात वाकडा झालेला मला दारातूनच दिसला.

मी त्यांना उठवून कॉटवर बसवलं. चेहरा पांढराफटक पडला होता, पण ते हाताकडे बघत नव्हते. दाराकडे बघत होते.

“ताईला सांगू नकोस,” ते म्हणाले.

“मग काय सांगू?”

“चक्कर आली म्हण. माझ्या वयात येते लोकांना.”

मी म्हटलं की उद्या ती तुम्हाला पुन्हा याच खुर्चीत बसवेल. ते म्हणाले, “बसेन जपून. तीन वर्षं जीव काढलाय पोरीने त्या खुर्चीपायी. पुढच्या गुरुवारी माल जायचाय. तेवढा जाऊ दे.”

एक पान काळं निघालं तरी गिऱ्हाइकाशी भांडणारा माणूस मी. पण त्या दिवशी तोंडात मूग गिळून बसलो. बाबांचं ऐकलं असं मी स्वतःला सांगत होतो. खरं म्हणजे ताईचा तो पहिला नंबर आल्यासारखा चेहरा माझ्याच्याने पुसवत नव्हता. त्याची लाज मला आजही वाटते.

प्लास्टर घालायला आम्ही तिघे त्याच मोठ्या हॉस्पिटलात गेलो. ताई कारखान्यातून तडक आली होती. डॉक्टरांनी चक्कर कशी आली ते खोदून खोदून विचारलं, आणि जन्मात कधी धड खोटं न बोलता आलेल्या आमच्या बाबांनी काय बहारीची चक्कर वर्णन केली! आधी डोळ्यांपुढे अंधारी, मग खोली गोल फिरली, मग कानात शिट्टी. डॉक्टरांनी सकाळ-संध्याकाळ गोळ्या लिहून दिल्या. बाहेर प्लास्टरसाठी आमचा नंबर येईपर्यंत ताई नेहमीप्रमाणे येरझाऱ्या घालत होती. मधेच थांबून तिने तिथल्या जुन्या खुर्च्यांवर नख फिरवलं आणि आम्हाला म्हणाली की पुढच्या आठवड्यात इथे आपल्या खुर्च्या असतील. तेवढ्यात एक म्हातारी आली, खुर्चीकडे पाठ केली, वाकली आणि शेवटचं वीतभर अंतर अंग सोडून दिलं. अगदी बाबांसारखं. बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या हाताकडे. ताई खुर्चीवरचे ओरखडे बघत होती.

पुढचे नऊ दिवस घरात कुणालाच चैन नव्हतं. त्या गोळ्यांनी बाबांना खरोखरच गुंगी यायची. दिवसा पेंगायचे, संध्याकाळी चिडचिडायचे. ताई दिवसातून चार वेळा फोन करायची, पुन्हा चक्कर आली का म्हणून. त्यांचं एकट्याने खाली उतरणं तिने बंद केलं. शांत बसा म्हणून निळी खुर्ची खिडकीत ओढून दिली, आणि बाबा तिच्यात बसायचे ते दोन्ही पाय ब्रेकवर ठेवल्यासारखे जमिनीला रोवून, धडधाकट हाताने खुर्चीचा हात घट्ट धरून. पेपर मांडीवर मिटलेला. माझ्या हातून दुकानात चुका व्हायला लागल्या, एकाच्या जमिनीचे कागद दुसऱ्याला देऊन बसलो. दर संध्याकाळी जिना चढताना मी ठरवायचो की आज सांगायचं. वर गेल्यावर ताई उत्साहाने सांगायची की आज शंभर खुर्च्या झाल्या, आज दीडशे झाल्या, आणि मी हात धुवायला आत जायचो.

बुधवारी संध्याकाळी ताई लवकर आली. दुसऱ्या दिवशी माल निघायचा होता आणि सासरचा तक्ता भरून द्यायचा राहिला होता. तिने बाबांना कॉटवर बसवलं, दिवा आडवा धरला आणि खुर्ची इंच-इंच तपासली. अठराच्या अठरा प्रश्नांपुढे ‘नाही’ लिहिलं.

“एकही ओरखडा नाही,” ती म्हणाली.

“छान,” बाबा म्हणाले. जरा घाईनेच म्हणाले.

ताईचं पेन थांबलं. तिने सहज विचारावं तसं विचारलं, “बाबा, चक्कर आली तेव्हा तुम्ही बसलेले होतात की उभे?”

“बसलेलो,” बाबा म्हणाले. “उभे,” मी म्हणालो. दोघंही एकदम बोललो.

ताईने आळीपाळीने आमच्याकडे पाहिलं. मग खुर्चीकडे. ओरखड्यांवरून माणसाचा स्वभाव सांगणारी बाई, पण त्या खुर्चीवर वाचण्यासारखं काही उमटलेलंच नव्हतं. तिने दिवा खाली ठेवला आणि ती खुर्चीत बसली. नीट, सावकाश बसली. काही झालं नाही. ती उठली आणि बाबांना म्हणाली, “तुम्ही कसे बसता, दाखवा.”

बाबांनी कॉटवर बसून दाखवलं. पाठ केली, वाकले, अंग सोडलं. ताई बघत राहिली. मग तिने तसंच केलं. वाकली, आणि शेवटचं वीतभर अंतर अंग सोडून दिलं. अंगावर गुळगुळीत कापडाचा ड्रेस होता. ती सरकन कडेपर्यंत आली. पाय तरणे म्हणून सावरली. तशीच अर्धवट, खुर्चीच्या टोकावर लटकून राहिली.

“मी पहिल्यांदा बसले हिच्यावर,” ती म्हणाली. “तीन वर्षांत पहिल्यांदा. आमच्या खोलीत कुणीच बसलेलं नाही.”

मला वाटलं ती रडेल. तिने मान वळवली आणि मला विचारलं, “तू बघितलं होतंस?”

“हो.”

“आणि दहा दिवस त्यांना गोळ्या घेऊ दिल्यास.”

बाबाच मधे पडले. म्हणाले, त्याला मीच गप्प केलं, माझ्या एका हातासाठी तुझा माल अडायला नको होता. ताई म्हणाली, “बाबा, तिथे रोज तुमच्यासारखीच माणसं येऊन बसणार.” बाबांना हे माहीत होतं. मलाही माहीत होतं. आम्ही तिघेही हॉस्पिटलात त्या म्हातारीसमोर उभे होतो, आणि आमच्यापैकी एकट्या ताईलाच ती दिसली नव्हती. नेमकी तीच आता तिच्याबद्दल बोलत होती.

गुरुवारी सकाळी बाबा म्हणाले, मी येतो. प्लास्टरचा हात गळ्यात अडकवून, मला धरून ते कारखान्यात आले. शेडसमोर ट्रक लागला होता, निम्म्या खुर्च्या चढल्या होत्या. मालक काही वाईट माणूस नाहीत; स्वतः साच्यावर काम करून वर आलेले आहेत. पण तारीख दिलेली होती. त्यांनी ताईचं ऐकून घेतलं, टेस्टिंगच्या खोलीत एक निळी खुर्ची मागवली आणि तिच्यात बसले. ऐसपैस, मालकासारखे. जराही सरकले नाहीत.

“कुठे घसरते?” त्यांनी विचारलं.

“तुमचे गुडघे चांगले आहेत,” ताई म्हणाली.

मग बोलणं लांबत गेलं. मालक म्हणाले, हॉस्पिटलवाल्यांना गाद्या टाकायला सांगू. ताई म्हणाली, गादीही सरकेल. या खोलीतल्या एकेका खुर्चीवर तुमचीच सही आहे, असं ते म्हणाले, तेव्हा ती म्हणाली की म्हणूनच मी सांगतेय. मी दाराशी उभा होतो. बाबाही उभे होते, खूप वेळ, आणि त्यांचे पाय थरथरायला लागलेले मला दिसले. समोर निळ्या खुर्च्यांची रांग होती, पण त्यांनी तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. त्यांची नजर कोपऱ्यात गेली. तिथे त्यांची तपकिरी खुर्ची होती. ताईने ती मोडीत दिली नव्हती; नव्या मुलींना दाखवायला ठेवली होती. पाठीला दोरीने पुठ्ठा बांधलेला: ‘सर्वांत वाईट नमुना’.

बाबा तिच्यापाशी गेले. पाठ केली, वाकले, आणि मागे न बघता अंग सोडून दिलं. खुर्चीने त्यांना जागच्या जागी धरलं. ते एक बोटभरसुद्धा सरकले नाहीत. त्यांनी सुस्कारा टाकला आणि दहा दिवसांत पहिल्यांदा त्यांचे पाय सैल पडलेले मी पाहिले.

मालकही बघत होते. त्यांनी पुठ्ठा वाचला. मग दारात जाऊन हमालांना म्हणाले की थांबा, उतरवा.

ताई बाबांच्या पायाशी जमिनीवर बसली आणि खुर्चीच्या कडेवरून नख फिरवलं. पंधरा वर्षं एकाच माणसाने बसून, उठून, घासून ती बैठक खरबरीत केली होती. “हेच धरून ठेवत होतं तुम्हाला,” ती म्हणाली, “आणि मी हिलाच पुठ्ठा बांधला.” बाबांनी धड हात तिच्या डोक्यावर ठेवला. ओरखडेबाई सगळ्यांदेखत रडली, आणि तिच्या हाताखालच्या दोघी पेन्सिली आवरायचं नाटक करत राहिल्या.

हॉस्पिटलने चार महिने थांबायला नकार दिला आणि खुर्च्या दुसरीकडून घेतल्या. ते ताईला अजून सलतं. आता तिने पाठ आणि हात तसेच निसटते ठेवले आहेत आणि बैठकीपुरती बारीक जाळी साच्यात कोरून घेतली आहे, मळ पुसता येईल इतकी उथळ. तक्त्यात आता एकोणीस प्रश्न आहेत. नवा प्रश्न सगळ्यात वर आहे: ‘कोण बसलं, वय किती, कसं बसलं?’ ती नवी खुर्ची पुन्हा आमच्याकडेच सासरी आली आहे. तपकिरीही परत खिडकीत आली. बाबांच्या गोळ्या बंद झाल्या, आणि ते कसे बसतात-उठतात हे तक्त्यात लिहायला आता ताईला रोज संध्याकाळी अर्धा तास बाबांसमोर बसावं लागतं.

पहिले काही दिवस तिचे पाय सारखे हलायचे. ती दर दोन मिनिटांनी घड्याळाकडे बघायची आणि बाबा तिची चेष्टा करायचे. काल बाबा पाणी प्यायला उठले. एक हात खिडकीच्या गजाला, एक गुडघ्यावर, मधे दोनदा थांबून. ताई ते सगळं बघत होती. ते आत गेल्यावर मला हळूच म्हणाली, “बाबा इतके थकलेत, हे तू मला कधी सांगितलं नाहीस.”

या वेळी मी खरं तेच सांगितलं. म्हटलं, “तू बसत नव्हतीस.”

मला वाटलं आता ती उठेल आणि ओट्याशी जाऊन काहीतरी घासायला घेईल. पण बाबा परत येऊन बसेपर्यंत ती जागची हलली नाही. अर्धा तास कधीच होऊन गेला होता.